सिस्टरांनी लिहायचं कुठे?

इथे येताना आम्ही अप्पा बळवंत चौकातून आलो. दुकानांत जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगच्या गाइडांचे गठ्ठे लागलेले. परीक्षेत काय लिहायचं ते सगळं त्यांत मिळतं. पण सिस्टरांनी वॉर्डात जे पाहिलं ते कुठे लिहायचं? आजचा आपला विषय हा आहे.

आम्ही तत्त्वज्ञानवाले, त्यामुळे आधी चरकाकडे जातो. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात त्याने चिकित्सेचे चार पाद सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण. परिचारकाला उपचाराचं ज्ञान हवं, दक्षता हवी, रोग्याविषयी माया हवी, स्वच्छता हवी. इथवर नवल नाही. पण रोग्याचेही गुण मोजलेत! स्मरण, सांगितलेलं पाळणं, निर्भयपणा आणि आपल्याला काय होतंय ते सांगता येणं. रोग्याजवळ काय शाबूत आहे, हेही वैद्याने पाहायचं.

याच बुधवार पेठेत, भिडेवाड्यात, 1848 साली सावित्रीबाई शिकवू लागल्या. 1897 च्या प्लेगात रुग्णांची सेवा करतानाच त्या गेल्या, हे आपण जाणता. मधलं एक पत्र मात्र आपण विसरतो. 1877 च्या दुष्काळात ओतूरहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं. मदतकार्यात उभ्या असलेल्या बाईने जे पाहिलं ते त्यात आहे. आम्ही त्याला शुश्रूषेचं लेखन म्हणू. कोणी हरकत घेतली तर घेवो.

पुढे 1909 मध्ये रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांनी पुण्यात सेवासदन काढलं. ससूनमध्ये नर्सिंग शिकायला बायका पाठवल्या. विधवा म्हणजे घरावरचा भार, असं मानणारा तो काळ. रमाबाईंनी त्याच बाईकडे पाहून विचारलं, हिला काय येतं?

त्याच सुमारास देशपातळीवर काय चाललं होतं? 1905 मध्ये लखनौला नऊ युरोपियन नर्सिंग सुपरिंटेंडेंट एकत्र आल्या आणि त्यांनी आपली संघटना केली. ती वरच्यांची. 1908 मध्ये ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन झाली, ती शिकलेल्या सगळ्या परिचारिकांसाठी. 1910 मध्ये ‘नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया’ निघालं आणि 1922 मध्ये दोन्ही संघटना एक झाल्या. जर्नल इंग्रजीत, वॉर्डातलं बोलणं मराठीत. ही फट तेव्हाची.

आता थोडं लांब, कॅनडात जाऊ. मॅकगिल विद्यापीठात मॉयरा ॲलन यांनी 1969 मध्ये ‘नर्सिंग पेपर्स’ सुरू केलं. पुढे तेच ‘कॅनेडियन जर्नल ऑफ नर्सिंग रिसर्च’ झालं. लॉरी गॉटलीब त्याच्या दीर्घकाळ संपादक होत्या. 2013 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. माणसाची उणीव तर पाहाच, पण उपचाराची सुरुवात त्याच्या बळापासून करा, असं ते सांगतं. चरक वाचलेल्याला ओळखीचं वाटेल. मग आम्हाला प्रश्न पडला, रोग्याला जे लागू, ते नियतकालिकाला का नाही?

प्रश्न पुस्तकी नव्हता. एका नर्सिंग कॉलेजच्या त्रैमासिकाच्या सल्लागार समितीवर आम्हाला घेतलं होतं. हा निदान शुद्धलेखन तरी तपासेल, म्हणून. अंक ‘बदलायचा’ होता. पहिल्याच बैठकीत उणिवांची यादी दोन पानं भरली. संख्याशास्त्र नाही, इंग्रजी कच्चं, मान्यताप्राप्त यादीत नाव नाही. उपाय ठरला: मराठी पानं बंद.

ती शेवटची चार पानं रात्रपाळीच्या नोंदींची होती. अंकातली तेवढीच पानं सिस्टर कापून ड्यूटी रूममध्ये लावत. आम्ही म्हटलं, अहो, हेच तुमचं भांडवल! एका सिस्टरनी लिहिलं होतं, म्हाताऱ्या बायका संध्याकाळनंतर पाणी नको म्हणतात. तहान नसते म्हणून नाही, तर रात्री संडासपर्यंत कोण नेणार म्हणून. हा संशोधनाचा प्रश्न नाही तर काय? नोंद लिहिणारी सिस्टर आणि पद्धत जाणणारे शिक्षक यांची जोडी लावा, एवढंच आम्ही सुचवलं.

आम्हीही चुकलो. सगळ्याच नोंदी सोन्याच्या नव्हत्या. काही नुसत्या गप्पा, एकीत तर रुग्ण ओळखू येत होता. बळापासून सुरुवात करायची म्हणजे दोषांवर पांघरूण घालायचं नाही, हे एका वरिष्ठ मेट्रननी आम्हाला स्पष्ट सुनावलं. मग प्रत्येक नोंद छापण्याआधी त्याच तपासू लागल्या.

वर्षभराने पाण्याचा लेख निघाला, इंग्रजीत, तक्त्यांसह, चांगला. लेखक म्हणून दोन शिक्षकांची नावं. सिस्टरचं नाव आभारात, सहाव्या ओळीत. आम्ही समितीत भांडलो. पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती आली, नाव लेखकांत गेलं. सिस्टर तोवर रात्रपाळीवरून बाह्यरुग्ण विभागात गेल्या होत्या. दुरुस्तीचं पान त्यांच्यापर्यंत मेट्रननी स्वतः नेऊन दिलं.