देवघेवीची वही

नाशिककडच्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोर बडोद्याच्या गादीवर बसला, तो सयाजीराव. त्यांनी १९१० साली विल्यम बोर्डेन हे अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणले. पुढे तिथली पुस्तकं लाकडी पेट्यांतून खेडोपाडी फिरू लागली. १९३१ साली रंगनाथनांनी ग्रंथालयाचा पहिलाच नियम मांडला, की पुस्तकं वापरासाठी असतात.

आमच्या शाळेत मात्र ती कुलपासाठी होती. तपासणीला साहेब आले की कपाटातली पुस्तकं मोजायची. किती वाचली गेली, हे कोण विचारतंय?

ते विचारलं नव्यानं बदलून आलेल्या गुरुजींनी. देवघेवीची वही घेऊन त्यांनी वर्षाच्या नोंदी महिन्यावार, नावानिशी मांडल्या. सुगीत पानं कोरी. साहजिकच, पोरं रानात. पण मुलींची नावं जवळजवळ नव्हतीच. का, ते वही सांगेना. पोरींनाच विचारलं. पुस्तकं मिळायची शाळा सुटल्यावर, आणि त्या वेळी पोरी पाण्याला! गुरुजींनी देवघेव मधल्या सुट्टीत आणली नि किल्ली सातवीतल्या एका मुलीकडे दिली. पुढच्या पानांवर मुलींची नावं दिसू लागली. वरून आलेली काही जाडजूड पुस्तकं मात्र तरीही कुणी नेली नाहीत.