दातवणाचा काळा रंग

देवासच्या आमच्या जुन्या घरातील आजीचा फोटो मोठा करून घेण्यासाठी मी एका स्टुडिओत दिला होता. नऊवारी लुगडे, नाकात नथ, आणि किंचित विलगलेल्या ओठांआड काळेभोर दात. स्टुडिओतील तरुणाने सहज विचारले, "दात पांढरे करून देऊ का?" त्याला वाटले, ते किडलेले असावेत. वस्तुतः ते दात आजीने हौसेने काळे केलेले होते.

अठराव्या शतकात पवारांबरोबर माळव्यात आलेल्या आपल्या कुटुंबांत दातवणाची डबी हा बायकांच्या शृंगारपेटीचा भाग असे. उत्तरेत यालाच मिस्सी म्हणत. हिरडा किंवा मायफळ, हिराकस अशा जिनसांची ही पूड. मायफळातील तुरट द्रव्य आणि हिराकशीतील लोह एकत्र आले की काळा रंग उतरतो. हिरड्याची शाईही याच रसायनाने काळी होई. मिस्सी हे सुवासिनीचे लेणे. नवरा गेल्यावर स्त्रीने ते सोडावयाचे. म्हणजे आज आपण ज्या शुभ्र दातांसाठी पैसे मोजतो, ते त्या काळी एखाद्या बाईच्या दुःखाची खूण ठरत.

ही रीत केवळ आपल्याकडची नव्हे. जपानमध्येही लोह आणि मायफळासारख्या तुरट द्रव्याने दात काळे करीत. तेथील सरकारने १८७० साली सरदारवर्गाला ती प्रथा बंद करण्यास सांगितले आणि १८७३ साली स्वतः सम्राज्ञीने ती सोडली. आपल्याकडे असा हुकूम निघाला नाही. मुली शाळेत जाऊ लागल्या, बाजारात पांढरी दंतमंजने आली, आणि एका पिढीचे भूषण पुढच्या पिढीला ओशाळवाणे वाटू लागले.

दातांचा रंग पाहून माणसाची पारख करण्याची सवय मात्र गेली नाही. मीही तिला अपवाद नव्हतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस धार जिल्ह्यातील एका दौऱ्यात, तात्पुरत्या कामासाठी आलेल्या एका मुलाचे तपकिरी दात पाहून मी त्याला सर्वांदेखत तंबाखूवरून बोललो. तो मान खाली घालून उभा राहिला. नंतर गावच्या शिक्षकांनी सांगितले की, येथे बहुतेक मुलांचे दात असेच आहेत.

दोष पाण्याचा होता. धार आणि शेजारच्या झाबुआ जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आहे. दातांवरील कवच घडत असताना, म्हणजे साधारण वयाच्या पहिल्या आठ वर्षांत, असे पाणी पोटात गेले की पुढे येणाऱ्या दातांवर पांढुरके वा तपकिरी डाग उमटतात. ते कितीही घासले तरी जात नाहीत. अमेरिकेतील कोलोरॅडोमधील अशा डागांचे मूळ फ्लोराइडमध्ये असल्याचे १९३१ साली उमगले. भारतात नेल्लोर भागातील विकाराची नोंद १९३७ सालची आहे. म्हणजे माझ्या जन्मापूर्वीच जे ज्ञात होते, ते अधिकारी म्हणून मला ठाऊक नव्हते.

असे डाग झाकण्याचा एक उपाय म्हणजे बाँडिंग. १९५५ साली मायकेल ब्युनोकोर या अमेरिकन दंतवैद्याने दाखवून दिले की, दाताच्या कवचावर सौम्यपणे आम्लाची प्रक्रिया केली तर ते सूक्ष्मपणे खडबडीत होते आणि त्यावर राळ घट्ट चिकटते. पुढे दातांच्या रंगाचे राळमिश्रण आले, निळ्या प्रकाशाने ते क्षणांत कठीण होऊ लागले. फ्लोराइडग्रस्त कवच आम्लाला अधिक दाद देत नाही, म्हणून तेथे ही प्रक्रिया जास्त वेळ करावी लागते. हा लेपही कायमचा नसतो. काही वर्षांनी त्याचे टवके उडतात, चहाचे डाग बसतात. इंदूरला १९६१ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. तरीही धारच्या दूरच्या गावातून मजुरी बुडवून दातांच्या रंगासाठी तेथवर कोण जाणार?

ज्याला शक्य आहे त्याने हा उपचार जरूर करून घ्यावा. डागांमुळे ज्याचे लग्न वा नोकरी अडते, त्याला तो चैनीचा वाटत नाही. परंतु लेपाने दात झाकले जातात, गावचे पाणी तेच राहते. त्या मुलाच्या धाकट्या भावंडांना लेपापेक्षा निर्दोष पाणी अधिक हवे होते, आणि ते पाहणे आम्हा अधिकाऱ्यांचे काम होते.

स्टुडिओतील तरुणाला मी नको म्हणालो. आजीचा फोटो आज दिवाणखान्यात आहे, दात जसेच्या तसे काळे. नातवंडे विचारतात तेव्हा मी त्यांना दातवणाची गोष्ट सांगतो, आणि तिच्याबरोबर त्या मुलाचीही.