पोटकंत्राट-समाप्ती

मुख्य कंत्राटदाराने कामाचा एखादा भाग ज्याच्याकडे सोपवला, तो पोटकंत्राटदार काम पुरे करू शकत नसेल तर त्याच्याशी झालेला करार कायदेशीररीत्या संपवणे. भारतात याचा पाया भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम ३९ हा आहे. एका पक्षाने आपले वचन पाळायला पूर्णपणे नकार दिला किंवा स्वतःला त्यासाठी असमर्थ करून घेतले, तर दुसऱ्याला करार संपवता येतो. मात्र करार चालू ठेवण्यास त्याने शब्दाने किंवा वागणुकीने रुकार दिलेला नसावा. ही शेवटची अट दिसते तेवढी किरकोळ नाही. मुदत उलटल्यावरही काही न कळवता नवी उचल दिली, की विरुद्ध बाजू त्यावरच बोट ठेवते. कलम ५५ही तसेच कडक आहे : उशिरा झालेले काम पत्करताना भरपाईची सूचना दिली नसेल, तर ती नंतर मागता येत नाही.

मजूर गावी गेले, लोखंड महागले, भांडवल आटले, ही कलम ५६ मधली ‘अशक्यता’ नव्हे. केवळ खर्च वाढल्याने करारातून सुटका होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अलोपी परशाद खटल्यात (१९६०) स्पष्ट केले.

नोटिशीच्या भाषेवर लोक घाम गाळतात. खरे तर भांडण पेटते ते मोजमापावरून. सळया बांधून झाल्या आहेत, काँक्रीट पडलेले नाही, सेंटरिंगच्या प्लेटा भाड्याच्या, आणि मुकादम फोन उचलत नाही. अशा वेळी दुसरी टोळी साइटवर उतरण्याआधी काँक्रीट घनमीटरमध्ये, सळया किलोत, प्लास्टर चौरस मीटरमध्ये मोजून, पडून असलेल्या मालाची यादी व छायाचित्रांसह संयुक्त सह्या घ्याव्या लागतात. बोलावूनही तो आला नाही, तर त्या बोलावण्याची पोच जपावी. नवे काम जुन्यावर चढले, की कोणाचे किती हे सांगणे कठीण.

उरलेले काम दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च वसूल करण्याची सोय विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम २० मध्ये २०१८ च्या दुरुस्तीने आली. त्यासाठी किमान ३० दिवसांची लेखी नोटीस लागते. नुकसानभरपाई करार अधिनियमाच्या कलम ७३ व ७५ खाली मिळते.

पोटकंत्राटदार कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत असेल तर जपून पाऊल टाकावे. केवळ दिवाळखोरी हेच कारण असेल तर करार तोडणे रोखले जाऊ शकते, हे गुजरात ऊर्जा विकास निगम खटल्यात (२०२१) दिसले. त्याच वर्षी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात मात्र कामातील त्रुटींवरून झालेली समाप्ती न्यायालयाने मान्य केली.

करार संपला तरी त्यातले लवादाचे कलम संपत नाही. हिशेबाचा वाद त्याच कलमाखाली लवादापुढे जातो.