क्रोशाची कला आणि आयर्लंडचा दुष्काळ

ज्युबिलीच्या मिस्सेसाठीं वेदीवर जें शुभ्र वस्त्र अंथरलें जातें, त्याच्या कांठाची झालर कोणीं विणली हें विचारणारे थोडेच असतात. आमच्या धर्मग्रामांतील भगिनी ती विणतात, आणि एकीनें दुसरीला शिकविलें म्हणून ती विणली जाते, एवढें सांगून आम्ही त्या कलेच्या इतिहासाकडे वळतों.

विणकाम आणि भक्ति यांचें नातें जुनें आहे. इ. स. १४०० च्या सुमारास मास्टर बर्ट्रम नांवाच्या जर्मन चित्रकारानें बुक्स्टेहुडे येथील मठाच्या वेदीसाठीं चित्रें काढिलीं. त्यांतील एका चित्रांत पवित्र मरियामाता सुयांवर बाळ येशूचा अंगरखा गोल विणीत बसली आहे. त्याला कोठेंहि शिवण नाहीं. क्रुसाखालीं शिपायांनीं ज्या अखंड झग्यासाठीं चिठ्ठ्या टाकिल्या, त्याचीच ही पूर्वसूचना होय असें जाणते मानतात.

सुयांच्या विणकामाहून क्रोशा वयानें लहान. त्याला एक आकडी आणि दोरा पुरतो. म्हणूनच तो गरिबाच्या झोपडींत शिरूं शकला. १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्यावर करपा पडला. गरिबांचें अन्न म्हणजे तेंच एक पीक. १८५२ पर्यंत सुमारें १० लक्ष माणसें भुकेनें व तापानें मेलीं, आणि जवळ जवळ तितकींच देश सोडून गेलीं. १८४१ च्या खानेसुमारींत ८१ लक्षांवर असलेली वस्ती १८५१ त ६५ लक्षांवर आली. ह्याच काळांत त्या देशाच्या बंदरांतून धान्य व गुरें इंग्लंडास रवाना होत होतीं, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

कॉर्क शहराजवळ ब्लॅकरॉक येथील मठांत उर्सुलाइन भगिनींनीं गरीब मुलींस क्रोशा शिकविण्याचें काम हातीं घेतलें, आणि इतर मठांनीं तोच मार्ग धरला. व्हेनिसची सुईची लेस श्रीमंतांस प्रिय असे. परंतु ती काढण्यास फार वेळ लागे. तिच्या तोडीची जाळी आकडीनें किती तरी लवकर होई. जाड दोऱ्यावर दाट टांके भरून गुलाब, द्राक्षांचे घोस आणि त्रिदल शॅमरॉकचीं पानें निरनिराळीं विणावयाचीं, तीं नमुन्याच्या कापडावर टांचावयाचीं, आणि मधली पोकळी साखळ्यांनीं सांधावयाची, अशी ती रीत. त्यामुळें घरांतील लहानगीनें नुसतीं पानें विणलीं तरी तिचाहि हातभार लागे. चुलीच्या धुरानें काळवंडलेलें काम विक्रीपूर्वीं धुवून शुभ्र करावें लागे. त्या पैशानें घराचें भाडें भरलें जाई, आणि कित्येकांच्या अमेरिकेच्या प्रवासाचें भाडेंहि त्यांतूनच निघालें.

यॉल येथील प्रेझेंटेशन मठाच्या मदर मेरी ॲन स्मिथ यांची गोष्ट आम्हांस विशेष प्रिय आहे. त्यांच्या हातीं इटालियन लेसचा एक जुना तुकडा आला. शिकविणारें कोणी नव्हतें. त्यांनीं तो टांका टांका उसवला, आणि उसवतां उसवतां त्याची घडण शिकून घेतली. मग १८४७ त मुली निवडून त्यांस ती शिकविली. ही लेस सुईची, क्रोशाची नव्हे. पण वृत्ति तीच.

त्याच वर्षीं मोनॅहन परगण्यांत क्लोनिस येथें कॅसँड्रा हँड यांनीं किल्डेअरहून शिक्षिका आणवून क्रोशाचें काम सुरू केलें. ह्या बाई तेथील प्रोटेस्टंट धर्मगुरूच्या पत्नी. कॅथोलिक पुस्तिकेंत हें नांव आम्ही मुद्दाम घालतों. कारण त्याच दुष्काळांत कांहीं ठिकाणीं सूपाच्या वाटीबद्दल धर्मांतराची मागणी झाली होती, ही कटु गोष्टहि इतिहासांत आहे. 'क्लोनिस गांठ' म्हणून ओळखला जाणारा टांका आजहि त्या गांवाचें नांव चालवीत आहे. पुढें पुढें घरोघर आपापला नमुना गुप्त ठेवूं लागले; शेजारीण दारांत आली कीं काम झांकलें जाई, असें सांगतात. पोटाचा प्रश्न होता. त्यांस नांवें ठेवणें आमच्यानें होत नाहीं. मात्र सर्वांनींच प्रथमपासून तसें केलें असतें, तर झांकावयास नमुनाच कोठून आला असता?

शिकविण्यानें सर्व भागतें असेंहि नाहीं. आपल्या देशांत गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर येथें १९ व्या शतकांत मिशनऱ्यांनीं हेंच काम रुजविलें, आणि हजारों बायका तें करूं लागल्या. मारिया मीस यांनीं १९८२ त प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें कीं, त्यांच्या श्रमाला फावल्या वेळचा उद्योग समजून मजुरी अत्यल्प दिली जाई, आणि नफा व्यापाऱ्यांकडे जाई. २०२४ सालीं त्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालें, ही आनंदाची गोष्ट. तथापि आमच्या येथें क्रोशा शिकविणाऱ्या भगिनींस आमची एक विनंति आहे: मुलींस साखळी आणि खांब शिकवाल त्याच दिवशीं एक वही द्यावी, आणि दोरा किती लागला व तास किती गेले हें तींत लिहावयास लावावें.