खेळ मध्येच का तुटतो? कुवेतमधील घरात मुलासोबत करावयाची तपासणी

गुरुवारची संध्याकाळ. कुवेतमध्ये सात वाजलेले असतात, पुण्यात साडेनऊ. इथल्या शाळेचा आठवडा संपलेला असल्यामुळे सालमिया किंवा मंगाफमधल्या एखाद्या सदनिकेत बारा वर्षांचा मुलगा हेडफोन चढवून बसतो. पलीकडे त्याचा आत्येभाऊ असतो. सामना रंगात येतो आणि पडदा गोठतो. ‘बाबा, नेट गेलं!’ अशी हाक येते. बाबा दिवाणखान्यात निवांतपणे मालिका पाहत असतात. ‘अरे, माझं तर नीट चालू आहे,’ असे उत्तर जाते. गंमत म्हणजे दोघेही खरे बोलत असतात.

मोठ्यांना ही बाब क्षुल्लक वाटते, मुलाला वाटत नाही. अनेक स्पर्धात्मक खेळ मध्येच बाहेर पडणाऱ्याला दंड करतात: गुण वजा होतात, काही काळ खेळता येत नाही, आणि ‘हरायला लागला की पळतो’ असा शिक्का बसतो तो निराळाच. शिवाय परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांपैकी कित्येकांसाठी भावंडांशी तासभर मोकळ्या मराठीत बोलण्याची हीच एक जागा उरली आहे. आजीच्या व्हिडिओ कॉलवर ‘जेवलास का?’च्या पुढे न सरकणारा मुलगा इथे भावाशी तावातावाने भांडतो. तो धागा रोज तुटत असेल, तर ‘सोड तो खेळ’ हे त्याचे उत्तर नव्हे. त्याहून महागडे पॅकेज घेणे हेही बहुतेक वेळा उत्तर नसते.

वेग वेगळा, सातत्य वेगळे

चित्रपट दाखवणारे ॲप पुढच्या काही सेकंदांचा साठा आधीच करून ठेवते. मध्ये दोन सेकंद जोडणी गेली तरी प्रेक्षकाला कळत नाही. खेळाला असा साठा करता येत नाही, कारण प्रतिस्पर्धी पुढच्या क्षणी काय करणार हे सर्व्हरलाही ठाऊक नसते. तिथे दर सेकंदाला डझनावारी लहान लहान संदेशांची ये-जा सुरू असते. अशा संदेशाला जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. तो मिलिसेकंदांत मोजतात. त्या वेळातील चढउतार म्हणजे जिटर, आणि वाटेत हरवलेले संदेश म्हणजे पॅकेट लॉस. खेळ सुरू असताना डेटा फारसा खर्च होत नाही. तासाला शंभर एमबीच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. म्हणून पाचशे एमबीपीएसची जोडणी असूनही खेळ तुटू शकतो, आणि वीस एमबीपीएसची स्थिर जोडणी असली तर तो उत्तम चालतो. अपडेट उतरवण्याची गोष्ट वेगळी. ते कित्येक जीबींचे असतात, तेव्हा ते रात्री उतरवावेत.

अंतराचाही हिशेब मुलाला करून दाखवावा. भूगोल आणि भौतिकशास्त्र एकाच वेळी होते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. कुवेतहून मुंबई सरळ रेषेत सुमारे २,७५० किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन किमान २७ ते २८ मिलिसेकंद. बहरीन ४३० किलोमीटरवर आहे, तिथे हाच आकडा चार-पाच मिलिसेकंदांचा. प्रत्यक्षात केबल वळणे घेत जाते आणि वाटेत अनेक थांबे असतात, त्यामुळे पिंग याच्या कितीतरी पट दिसतो. मात्र मोठा पण स्थिर पिंग खेळ तोडत नाही, फक्त जड करतो. खेळ तोडतो तो अचानक उसळणारा पिंग.

एक वही आणि दोन खिडक्या

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी तीन संध्याकाळी केवळ नोंदी कराव्यात आणि त्या मुलालाच करू द्याव्यात. वेळ, खेळ, उपकरण, वाय-फाय की केबल, आणि त्या क्षणी घरात आणखी काय चालू होते, एवढेच लिहायचे.

सोबत लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडाव्यात. पहिलीत राउटरला अखंड पिंग लावावा. त्याचा पत्ता राउटरच्या तळाच्या चिठ्ठीवर असतो, बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा. दुसरीत गूगलच्या ८.८.८.८ या सार्वजनिक पत्त्याला लावावा. विंडोजमध्ये पिंग या आज्ञेला ‘टी’चा पर्याय जोडला की ती थांबवेपर्यंत चालते. लॅपटॉप त्याच खोलीत, त्याच वाय-फायवर हवा. खेळ तुटला त्या क्षणी दोन्ही खिडक्यांकडे पाहावे. पहिलीतच आकडे उसळले वा उत्तरे थांबली, तर दोष घरातल्या वाय-फायचा. पहिली शांत आणि दुसरी बिघडली, तर राउटर आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये काहीतरी आहे. दोन्ही शांत असून खेळच तुटला, तर खेळाचा सर्व्हर, तिथपर्यंतची वाट किंवा त्या खेळावरचे निर्बंध यांकडे वळावे. या एका चाचणीने निम्मी भांडणे मिटतात.

खिडकीतला राउटर

कुवेतमधील तिन्ही मोबाईल कंपन्यांनी, झैन, ऊरेडू आणि आजची एसटीसी यांनी, २०१९च्या मध्यात ५जी सेवा सुरू केली. तेव्हापासून भाड्याच्या घरांत सिम घातलेला ५जी राउटर हीच अनेकांची घरची जोडणी झाली आहे. घर बदलताना तो पिशवीत घालून नेता येतो, ही आपल्यासारख्यांना मोठी सोय. पण त्याचे काही स्वभावदोष आहेत.

टॉवरची लहर चांगली मिळावी म्हणून तो खिडकीत ठेवतात, आणि कुवेतची खिडकी ही काही साधी जागा नव्हे. २१ जुलै २०१६ रोजी इथल्या मित्रीबा येथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली, जी जागतिक हवामान संघटनेने मान्य केली आहे. घरगुती राउटर साधारणतः ४० अंशांपर्यंतच्या वातावरणासाठी बनवलेले असतात. दुपारच्या उन्हात काचेला टेकलेला राउटर तापतो, मंदावतो, कधी स्वतःच बंद पडून पुन्हा सुरू होतो. उन्हापासून बचाव म्हणून काचेला ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, आणि ती तर लहरींना भिंतीसारखी अडवते. आरशासारख्या लेपाची काचही काही प्रमाणात तेच करते. थोडक्यात, ऊन अडवायला केलेला उपाय खेळ तोडतो.

यावर उपाय म्हणजे घरभर फिरून मोजमाप करणे. राउटरच्या ॲपमध्ये आरएसआरपी आणि एसआयएनआर असे दोन आकडे सापडतात. पहिला उणे असतो: उणे ८०च्या आसपास उत्तम, उणे ११०च्या पलीकडे वाईट. दुसरा लहरीची स्वच्छता सांगतो: २०च्या वर छान, शून्याखाली गेला तर अवघड. प्रत्येक खिडकीपाशी पाच मिनिटे थांबून मुलाने आकडे लिहावेत, एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊला, कारण रात्री टॉवरवर गर्दी असते. ऊन न येणारी, फॉइल नसलेली खिडकी निवडून राउटर काचेपासून हातभर आत ठेवावा. संध्याकाळी तो ४जी आणि ५जी यांच्यात सतत उड्या मारत असेल, तर काही दिवस त्याला एकाच जाळ्यावर बांधून पाहावे. वेग कमी झाला तरी ४जीवरची स्थिर जोडणी खेळाला अधिक मानवते.

वीजही विसरू नये. जून २०२४मध्ये वाढत्या मागणीमुळे कुवेतमध्ये प्रथमच काही भागांत ठरवून वीजकपात झाली. निमिषभर वीज गेली तरी राउटर पुन्हा उभा राहायला दोन-तीन मिनिटे घेतो. राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना ॲडॉप्टरवरचे व्होल्ट व ॲम्पिअर आणि पिनेचा आकार जुळवून घ्यावा.

आतल्या वाय-फायबद्दल थोडक्यात: मेहबूलाच्या एखाद्या उंच इमारतीत वाय-फायची यादी उघडली तर तीस-चाळीस नावे दिसतात. त्यांतली बरीचशी २.४ गिगाहर्ट्झच्या तीन उपयुक्त मार्गांवर, म्हणजे १, ६ आणि ११ या चॅनलवर, दाटीवाटीने बसलेली असतात. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात गोंधळ घालतो. खेळाचे उपकरण ५ गिगाहर्ट्झवर न्यावे आणि चॅनल ३६ ते ४८मधला निवडावा. वरचे काही चॅनल रडारसाठी राखीव पट्ट्यात येतात. तिथे रडारची चाहूल लागताच राउटरला नियमानुसार जागा सोडावी लागते आणि जोडणी तुटते. सर्वांत खात्रीचा उपाय मात्र जुनाच आहे: लॅन केबल. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नाही, पण चपटी केबल दाराखालून आणि भिंतीच्या कडेने सहज जाते. स्वस्त रिपीटर टाळावा. तो लहर वाढवतो खरा, पण प्रत्येक संदेशाला आणखी एक हेलपाटा घालायला लावतो.

मोबाईलवर खेळणाऱ्यांनी एक सेटिंग जरूर पाहावे. वाय-फाय जरा अशक्त झाले की अनेक फोन आपोआप मोबाईल डेटावर उडी मारतात. त्याक्षणी फोनचा इंटरनेटवरील पत्ता बदलतो आणि खेळ तुटतो. खेळताना ही सोय आणि बॅटरी बचत दोन्ही बंद ठेवावीत.

घरातलाच चोर

आमच्या वहीत तीनही संध्याकाळी सव्वासातची नोंद होती. चिरंजीवांचा संशय धाकट्या बहिणीवर होता, माझा खेळावर. खिडक्यांनी निराळेच सांगितले: राउटरपर्यंत सारे शांत, बाहेरचा पिंग ६०वरून ९००वर. मी कचेरीतून येऊन फोन चार्जिंगला लावायचो आणि दिवसभराच्या चित्रफिती क्लाउडवर चढू लागायच्या. चोर मीच होतो. मुलाने ती नोंद लाल शाईने केली आणि अजून पुसू दिलेली नाही.

हा दोष फार घरांत असतो. डेटा चढवण्याची क्षमता उतरवण्याच्या मानाने लहान असते. ती एखाद्या मोठ्या फाइलने भरली की खेळाचे संदेश राउटरच्या रांगेत तिष्ठत बसतात. व्हिडिओ कॉल आणि पाळत ठेवणारे कॅमेरेही हेच करतात. फोनचा बॅकअप मध्यरात्रीनंतर ठेवावा. राउटरमध्ये क्यूओएस नावाचा प्राधान्याचा पर्याय असेल, तर त्यात खेळाचे यंत्र वर ठेवून चढवण्याच्या वेगावर मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांची मर्यादा घालावी.

घराबाहेरचे दोष

घर निर्दोष ठरले की प्रश्न बाहेरचा. गेमिंग कन्सोल नॅटचा प्रकार ‘स्ट्रिक्ट’ दाखवत असेल, तर भावाशी आवाजाची जोडणी होत नाही किंवा तो संघात येऊच शकत नाही. घरात कंपनीच्या राउटरमागे आपला दुसरा राउटर असेल तर आधी त्यातला एक ‘ब्रिज’ स्थितीत न्यावा. तरीही फरक पडला नाही, तर राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. हे राउटरची कळ दाबून सुटत नाही. कंपनीकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागावा लागतो.

कधी दोष समुद्रातही असतो. ३० जानेवारी २००८ला अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि दोनच दिवसांनी दुबईपासून ५६ किलोमीटरवर फाल्कन केबल तुटली. तिथे जहाजाचा टाकून दिलेला नांगर सापडला. सप्टेंबर २०२५मध्ये लाल समुद्रात केबल तुटल्या, तेव्हा कुवेतच्या अधिकाऱ्यांनी फाल्कनचेही नाव घेतले होते. अशा आठवड्यात राउटर शंभरदा बंद-चालू करून काही होत नाही. मुलाला नकाशा दाखवावा आणि वाट पाहावी.

काही वेळा तर काहीच तुटलेले नसते. ऑगस्ट २०२५मध्ये कुवेतने रोब्लॉक्सवर बंदी घातली, तेव्हा कित्येक घरांत आधी राउटरलाच दोष दिला गेला. भारतात पबजी मोबाईलवर सप्टेंबर २०२०मध्ये बंदी आली आणि पुढच्या वर्षी बीजीएमआय हा भारतापुरता स्वतंत्र खेळ आला. त्यामुळे इथला पबजी आणि तिथला बीजीएमआय यांची गाठ पडत नाही. व्हॅलोरंटमध्ये बहरीनचा सर्व्हर युरोपच्या विभागात मोडतो आणि मुंबईचा आशिया-पॅसिफिकच्या, म्हणून दोन भावांची खाती वेगवेगळ्या विभागांत निघाली असतील तर ती एकत्र येणार नाहीत. खेळ निवडतानाच हे पाहिलेले बरे.

‘पिंग कमी करून देतो’ म्हणणारे अनोळखी लोक खेळातल्या चॅटमध्ये भेटतात. त्यांच्या सांगण्यावरून कोणतेही ॲप घेऊ नये, दूरवरून संगणक हाताळू देऊ नये, पासवर्ड तर नाहीच. हे मुलाला ओरडून न सांगता, वही उघडलेली असताना सांगावे. डीएनएस बदलल्याने खेळ तुटायचा थांबतो, हाही भ्रम आहे. सामना सुरू झाल्यावर डीएनएसचे काम संपलेले असते.

दोष कंपनीच्या बाजूचा निघाला तर फोन करताना ‘नेट स्लो आहे’ असे म्हणू नये. लगेच वेगाची चाचणी घ्यायला सांगतात आणि ती उत्तम येते. त्याऐवजी सांगावे: केबलने जोडलेल्या संगणकावर राउटरचा पिंग स्थिर असताना, अमुक तारखांना रात्री अमुक वाजता, बाहेरच्या शंभर संदेशांपैकी इतके हरवले. सोबत त्या वेळचे आरएसआरपी आणि एसआयएनआर. तक्रार क्रमांक मागून घ्यावा. कंपनीने दाद दिली नाही, तर ‘सिट्रा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे जाताना तोच क्रमांक लागतो, म्हणून तो मुलाच्या वहीत, त्या दिवसाच्या नोंदीशेजारी लिहून ठेवावा.