मृत्यू : खानदेशातील धारणा व विधी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत मरणाविषयी रूढ असलेल्या कल्पना, मरणोत्तर आचार आणि त्यांमागचा विचार. एकसंध खानदेश जिल्ह्याचे 1906 मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पुढे त्यांना अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली आणि 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. अहिराणी, लेवा गणबोली, भिली अशा बोली बोलणाऱ्या या प्रदेशात धर्म व जातींप्रमाणे आचार बदलतात. तरीही मेलेल्या माणसाचा घराशी असलेला संबंध संपत नाही, त्याचे वर्षाच्या चक्रात ठरलेले स्थान राहते, ही धारणा बहुतेक हिंदू घरांत सारखी आढळते.

अंत्यविधी व दुखवटा. हिंदू समाजात बहुधा दहन होते. तिरडी घरून निघाल्यावर वाटेत विसाव्याच्या जागी टेकवतात आणि खांदे बदलतात. निधनाच्या बातमीत आणि आता मोबाइलवरील निरोपातही ‘अंत्ययात्रा राहत्या घरापासून निघेल’ हे वाक्य ठरलेले असते. पाठोपाठ ‘त्यांच्या पश्चात’ असलेल्या परिवाराची यादी येते. घरात काही दिवस चूल पेटत नाही. भाऊबंद व शेजारी जेवण आणतात, त्याला कडू घास म्हणतात.

दूरच्या गावांहून नातलग भेटीला येतात, ते ‘दारावर जाणे’. छापील निरोपात यालाच ‘द्वारदर्शन’ असा शब्द असतो. पुरुष बाहेर सतरंजीवर बसतात. बायका घरातल्या बाईच्या गळ्यात पडून हेल काढून रडतात, आणि त्या रडण्यात गेलेल्या माणसाची माया, त्याचे कष्ट, त्याने केलेली लग्नकार्ये असे सारे आयुष्य सांगितले जाते. दारावर न येणे ही नात्यातली मोठी चूक समजतात. लग्नाला न गेलेले चालते, मरणाला जावेच लागते.

दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवला नाही, तर मृताची काही इच्छा राहिली असावी असे मानून जवळचे लोक एकेक बोलून दाखवतात : लेकीचे लग्न लावू, शेत विकणार नाही, आईला सांभाळू. तरीही न शिवल्यास दर्भाचा कावळा करून विधी उरकतात. वारसांनी भाऊबंदांसमक्ष दिलेली ही वचने पुढे घरच्या वादात आठवण म्हणून काढली जातात. त्यामुळे या विधीला कौटुंबिक कराराचे रूप येते. उत्तरकार्याच्या दिवशी ‘गंधमुक्ती’ होते : सोयरे कर्त्याच्या कपाळी गंध लावतात, टोपी-उपरणे देतात आणि दुखवट्यातून त्याला रोजच्या व्यवहारात परत आणतात.

अस्थिविसर्जनासाठी तापीचे संगम महत्त्वाचे मानले जातात. तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशा (ता. शहादा) ‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखले जाते. धुळे जिल्ह्यात तापी-पांझरा संगमावर मुडावद येथे कपिलेश्वराचे मंदिर आहे. ऐपतीप्रमाणे नाशिकचे रामकुंड किंवा नर्मदेवरील ओंकारेश्वर येथेही लोक जातात.

मुस्लिमांत दफन होते; यावल, रावेर, चोपडा भागांतील तडवी भिल्लही मुस्लिम असल्याने दफनच करतात. बौद्ध कुटुंबांत बुद्धवंदना, जलदान विधी व पुण्यानुमोदन होते. जैनांत अन्नत्यागाने मरण स्वीकारण्याचे संथारा हे व्रत आदरणीय मानले जाते.

आखाजी. वैशाख शुद्ध तृतीया, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा खानदेशातला सर्वांत मोठा सण आणि पितरांचा मुख्य दिवसही. भाद्रपदातला पितृपक्ष येथे पाळला जातोच. पण घरातल्या मृतांची मनोभावे आठवण होते ती आखाजीला. पाण्याने भरलेल्या मातीच्या घागरीवर लहान भांडे ठेवतात, त्यावर डांगर (खरबूज), आंबे व सांजोऱ्या मांडतात. ही घागर पितरांच्या जागी असते. वर्षभरात घरात कोणी गेले असल्यास त्याच्या नावाचे ‘डेरगं’ (मातीचे भांडे) पुजतात. सकाळी उंबरठ्याची पूजा होते. घरातले एकेका पितराचे नाव घेतात आणि प्रत्येक नावासाठी उंबऱ्यावर कुंकवाचे एक बोट ओढतात. आजोबा, पणजोबा, लहानपणी गेलेला चुलता अशी कुळाची नोंद कागदाविना त्या दिवशी लाकडावर उमटते. पुरणपोळी, आमरस, कुरडई यांचा नैवेद्य विस्तवावर टाकतात, त्याला आगारी म्हणतात.

वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जाणाऱ्या या मुलखात पितरांना आधी पाणी द्यावे, हे ओघानेच येते. याच दिवशी सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. शेतावरच्या सालदाराचे वर्ष आखाजीला संपते आणि नवा करार ठरतो. पितरांचे येणे, लेकींचे येणे आणि शेतीच्या वर्षाचा आरंभ एकाच दिवशी जुळल्याने मृतांचे स्मरण येथे शोकाचे न राहता घर भरल्याचे होते.

संतपरंपरा. तापी-पूर्णा संगमावरील चांगदेव (ता. मुक्ताईनगर) या गावाशी चांगदेवांची कथा जोडलेली आहे. योगबळाने काळाला चुकवून ते चौदाशे वर्षे जगले, असे कथा सांगते. इतके जगूनही ज्ञान नव्हते; ते ज्ञानेश्वरांच्या ‘चांगदेव पासष्टी’ने आणि गुरू मुक्ताबाईंनी दिले. वयाने पोरसवदा असलेली मुक्ताबाई शके 1219 मध्ये (इ. स. 1297) याच परिसरात तापीकाठी विजेच्या लखलखाटात अंतर्धान पावली, अशी श्रद्धा आहे. मरण लांबवणारा शिष्य आणि कोवळ्या वयात निघून गेलेली गुरू, ही जोडी आयुष्याच्या लांबीला महत्त्व नाही हे लोकांना सहज पटवते. माघ वद्यातील यात्रेला चांगदेव व मुक्ताईनगर अशा दोन्ही ठिकाणी गर्दी होते. वैशाख वद्यात मुक्ताबाईंचा अंतर्धान सोहळा साजरा होतो. वारकरी त्याला ‘सोहळा’च म्हणतात.

विनोबांची प्रवचने. 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932 या काळात धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले. साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ती ‘गीता प्रवचने’ म्हणून प्रसिद्ध आहेत. आठव्या अध्यायावरील प्रवचनात मरण हाच विषय आहे. शेवटच्या क्षणी मनात जे येते ते आयुष्यभराच्या संस्कारांचे फळ असते, म्हणून मरण टाळून नव्हे तर रोज आठवून जगावे, असे त्यांचे प्रतिपादन. सात दिवसांत मरणार असे एकनाथांनी सांगितल्यावर ज्याला पापाची आठवणही झाली नाही, त्या माणसाची गोष्ट त्यांनी यासाठी सांगितली. या विचाराला विनोबा स्वतः जागले : नोव्हेंबर 1982 मध्ये आजारात अन्न व औषध नाकारून 15 तारखेला त्यांनी पवनार येथे देह ठेवला.

बहिणाबाई चौधरी (1880–1951). असोदे येथे जन्मलेल्या आणि जळगावात संसार केलेल्या या कवयित्रीला तिशीच्या सुमारास वैधव्य आले. आपले दुःख सांगताना ती नशिबाला शरण जात नाही; कुंकू-बांगड्या गेल्या तरी कष्टणारे हात शाबूत आहेत, यावर तिचा भर असतो. जन्ममरणाचा विचार तिने श्वासाच्या येण्या-जाण्यावर बांधला. ‘बहिणाबाईंची गाणी’ तिच्या मृत्यूनंतर 1952 मध्ये आली, त्यामुळे कवयित्री म्हणून तिची कीर्ती सर्वस्वी मरणोत्तर आहे. विधवा प्रथा बंद करण्याचे आवाहन राज्य शासनाने मे 2022 मध्ये ग्रामपंचायतींना केले. तिने सोसलेल्या प्रथांविषयीचे सरकारी पत्रक येण्यास तिच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे लागली.

बदलते रूप. कापूस पिकवणाऱ्या या भागात कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी मरणाला सरकारी भाषा जोडली. वारसांना एक लाख रुपयांची मदत द्यायची की नाही, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती ठरवते. सातबारा, कर्ज व थकबाकी तपासून प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ होते. अपात्र ठरलेल्या घराला पैशांपेक्षाही मरणाचे कारण अमान्य झाल्याचे बोचते.

2020 च्या कोरोना साथीत खांदा, दारावर जाणे आणि दहावा या तिन्ही गोष्टी बंद पडल्या. निर्बंध उठताच त्या पूर्ववत सुरू झाल्या. शासकीय वैद्यकीय महाविद्यालये धुळ्यात 1988 पासून आणि जळगावात 2018 पासून असल्याने देहदानाचा पर्याय या जिल्ह्यांतच उपलब्ध आहे. देहदानात दहन नसते, अस्थीही नसतात. मात्र उत्तरकार्य आणि आखाजीची घागर यांना त्याने बाध येत नाही.