ग्लायकेशनची अंत्यउत्पादिते आणि हृदयविकार

साखर विकरांच्या मदतीशिवाय प्रथिनांना किंवा मेदांना चिकटते आणि पुढे अनेक टप्प्यांनी तिची न सुटणारी संयुगे बनतात. त्यांना ग्लायकेशनची प्रगत अंत्यउत्पादिते म्हणतात. वैद्यकात ‘एजीई’ हे लघुरूप रूढ आहे. कार्बॉक्सिमिथिल लायसीन, पेंटोसिडीन आणि ग्लुकोसपेन ही त्यांतली विशेष अभ्यासलेली. वाढते वय, मधुमेह, मूत्रपिंडाचा जुनाट विकार आणि धूम्रपान यांमुळे त्यांचा साठा वाढतो. रक्तवाहिन्या ताठर होणे, धमनीकाठिण्य आणि हृदयाच्या स्नायूचा लवचिकपणा घटणे या तिन्हींत त्यांचा वाटा आहे.

साखर आणि अमिनो आम्ले एकत्र तापवली की तपकिरी रंग येतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मेयार यांनी १९१२ मध्ये वर्णन केले. पावाच्या वरच्या कवचाचा रंग आणि खमंग वास यामागे हीच अभिक्रिया असते. शरीराच्या ३७ अंश सेल्सिअस तापमानाला ती अतिशय संथ चालते, पण थांबत नाही. तेहरानमध्ये काम करणाऱ्या सॅम्युएल रहबर यांना १९६८ मध्ये मधुमेहींच्या रक्तात वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन आढळले. आज ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणून घरोघरी माहीत असलेली एचबीएवनसी चाचणी त्यातूनच आली. पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अभिक्रियेचा संबंध वार्धक्याशी आणि मधुमेहातील गुंतागुंतीशी जोडला.

एचबीएवनसी हे मात्र या साखळीतले आरंभीचे उत्पादन आहे. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती गेली की तिच्यावर चढलेली साखरही जाते. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतले कोलॅजेन आणि इलॅस्टिन वर्षानुवर्षे बदलले जात नाहीत. त्वचेतल्या कोलॅजेनचे अर्धे प्रमाण बदलायला साधारण १५ वर्षे लागतात, असा अंदाज आहे. म्हणून रिपोर्टमधला आकडा आज उत्तम असला तरी मागच्या दशकातल्या साखरेचा परिणाम भिंतींत शिल्लक असू शकतो. या विषयातली सर्वांत महत्त्वाची आणि रुग्णांना सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट हीच आहे.

कोलॅजेनच्या शेजारच्या तंतूंमध्ये एजीईंमुळे आडवे बंध तयार होतात आणि तंतू एकमेकांवरून सरकेनासे होतात. निरोगी महाधमनी हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला फुगते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या काळात आकसून रक्त पुढे ढकलते. ती ताठरली की वरचा रक्तदाब चढतो आणि खालचा उतरतो. हृदयाच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः याच मधल्या, शिथिलनाच्या काळात. त्यामुळे त्याचे श्रम वाढतात आणि पुरवठा मात्र घटतो. डाव्या जवनिकेची भिंतही अशीच ताठर होऊ शकते. मग टूडी एकोमध्ये पंपिंग चांगले दिसते, पण कप्पा नीट भरत नाही आणि जिना चढताना दम लागतो. मधुमेही ज्येष्ठांमध्ये अशी हृदयविफलता नेहमी आढळते. तिची कारणे अनेक असली तरी या बंधांना त्यांत स्थान आहे.

दुसरी वाट दाहाची. पेशींच्या पृष्ठभागावरील ‘रेज’ हा एजीईंना पकडणारा ग्राही १९९२ मध्ये ओळखला गेला. तो उद्दीपित झाला की धमनीच्या अस्तरात चिकट रेणू वाढतात, पांढऱ्या पेशी भिंतीत शिरतात आणि दाह धुमसत राहतो. एजीई नायट्रिक ऑक्साइडही निष्प्रभ करतात, त्यामुळे वाहिनी पुरेशी सैलावत नाही. साखर चढलेले एलडीएल यकृताकडून कमी उचलले जाते आणि त्याचे ऑक्सिडीकरण सहज होते. ते गिळणाऱ्या भक्षक पेशी फेसाळ होऊन भिंतीत साचतात. रेजला इतर दाहकारक प्रथिनेही चिकटतात, तेव्हा सारा दोष एजीईंच्या माथी मारता येत नाही.

माणसांतला भक्कम पुरावा अप्रत्यक्ष आहे. अमेरिका-कॅनडातील डीसीसीटी चाचणीत (१९८३–९३) टाइप-१ मधुमेहाचे १,४४१ रुग्ण होते; एका गटाच्या साखरेवर काटेकोर नियंत्रण ठेवले, दुसऱ्यावर नेहमीचे उपचार केले. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली. तरीही २००५ मध्ये असे दिसले की, सुरुवातीला काटेकोर नियंत्रण ठेवलेल्या गटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या घटना ४२ टक्क्यांनी कमी होत्या. या ‘चयापचयी स्मृती’चे एक स्पष्टीकरण म्हणजे टिकाऊ प्रथिनांतला हा साठा, जनुकांच्या नियमनातले बदल हे दुसरे. उलट, जुना टाइप-२ मधुमेह आणि हृदयविकाराचा मोठा धोका असलेल्यांवरील अॅकॉर्ड चाचणीत साखर जोराने खाली आणण्याचा उपचार २००८ मध्ये थांबवावा लागला, कारण त्या गटात मृत्यू वाढले होते. साचलेले नुकसान उशिरा साखर उतरवून भरून निघत नाही, याच्याशी हे जुळते. मात्र मृत्यू नेमके कशाने वाढले याचा उलगडा त्यातून होत नाही.

आहारातूनही एजीई येतात. तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांत ती जास्त असतात, तर उकडलेल्या-वाफवलेल्यांत कमी; मांसाला आधी लिंबाचा रस लावला तरी ती घटतात. पण त्यांतला थोडाच भाग रक्तात शोषला जातो आणि हृदयविकाराशी त्याचा थेट संबंध सिद्ध झालेला नाही. भाजलेल्या प्रत्येक घासाची भीती घालणाऱ्या लिखाणाला म्हणूनच पुरेसा आधार नाही. तंबाखूचा धूर हा मात्र एजीई वाढवणारा स्रोत आहे आणि तो सोडण्याची इतर कारणेही भरपूर आहेत.

औषधांनी अजून निराशाच केली आहे. एजीई बनू न देणारे अमिनोग्वानिडीन परिणामकारकता आणि सुरक्षितता यांवर अडले. बंध तोडण्यासाठी बनवलेल्या अलाजेब्रियमने २००१ मध्ये ज्येष्ठांच्या धमन्यांचा लवचिकपणा वाढवून आशा निर्माण केली. पण हृदयविफलतेच्या रुग्णांवरील नंतरच्या चाचणीत लाभ दिसला नाही आणि पैशाअभावी त्याचा विकास थांबला. हे औषध ज्या प्रकारचे बंध तोडते, तसा बंध मानवी ऊतींत सर्वाधिक आढळणाऱ्या ग्लुकोसपेनमध्ये नाही. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये ग्लुकोसपेन प्रयोगशाळेत तयार केले. त्यामुळे ते तोडणाऱ्या विकरांचा शोध घेण्यासाठी शुद्ध नमुना प्रथमच हाती आला.